वाई ते सांगली, पेढ्यांचा बॉक्स न उघडता

मेघनाचा फोन आला तेव्हा मी फुलकोबी किसत होतो.

"अण्णांनी आज ताट ढकललं," ती म्हणाली. "आईनं नुसती उकडलेली दोडकी दिली होती. तू ये. तूच घाल त्यांना जेवायला."

हा ब्लॉग नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी सुजित, मुक्काम वाई. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, कारण एका सरांशी माझं पटत नव्हतं आणि ते मी भर वर्गात उभं राहून त्यांना सांगितलं. पुढं आईची साखर वाढली. डॉक्टरांनी भात, भाकरी, गोड कमी करायला सांगितलं, तर आई म्हणाली, मी एकटी गवत खाणार नाही. म्हणून मीही तेच खाऊ लागलो, मग तेच शिजवू लागलो, आणि आता गावात कमी कार्बचे डबे देतो. मेघना कॉलेजात माझ्यापुढं दोन बाक बसायची. तिनं शिक्षण पूर्ण केलं, मी तिच्या पाठमोऱ्या वेणीचा अभ्यास. सध्या ती सांगलीत आईवडिलांकडे असते, बँकेत जाते.

तिचे वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी आहेत. त्यांनाही साखर निघाली. मेघनासाठी माझं नाव त्यांच्या घरात आधी एकदा निघालं होतं आणि उत्तरही लगेच मिळालं होतं: "कॉलेज सोडून डबं देणारा पोरगा? न्हाई." आता मात्र त्यांनी अट घातली. "येऊ दे त्याला. दोन दिवस माझं पोट भरून दाखवू दे. भरलं तर फुडचं बोलू."

'फुडचं' हा शब्द मेघनानं फोनवर तसाच्या तसा सांगितला. मी कोबीबरोबर बोटही किसून घेतलं.

शनिवारी सकाळी गाडीला किक मारली. कमी कार्ब खाणाऱ्यानं प्रवासात काय न्यावं असं बरेच जण विचारतात, तर माझ्या सॅकमध्ये हे होतं: भाजून दळलेलं जवसाचं पीठ, इसबगोल, शेंगदाण्याचं कूट, सहा उकडलेली अंडी आणि माझा लोखंडी तवा. दुसऱ्याच्या घरच्या तव्यावर विश्वास ठेवू नये. निघताना आईनं वर एक बॉक्स ठेवला. सातारी कंदी पेढे.

"आई, साखर असलेल्या माणसाच्या घरी पेढे नेऊ?"

"मग पोरीच्या घरी मोकळ्या हातानं जाणार हायस? पेढे खायला नसतात रं. न्यायला असतात."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरीही मी घातला, आणि मग बॉक्स सॅकच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवला. सांगलीत गेल्यावर काकूंच्या, म्हणजे मेघनाच्या आईच्या, हातात गुपचूप द्यायचा असा विचार होता.

पाचवडला हायवे लागतो, तिथून सातारा कधी येतं कळत नाही. पुढं कराडपर्यंत जागोजागी रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा दुचाकीवाल्यांनी घाई करू नये. मी केली आणि उंब्रजच्या अलीकडे खडीवर घसरता घसरता वाचलो. जीव थाऱ्यावर यावा म्हणून एका टपरीवर थांबलो.

"डबल ऑम्लेट द्या. पाव नको."

"पाव त्यातच हाय," टपरीवाले काका म्हणाले. "वेगळे पैसे न्हाईत."

"तरी नको."

"उपास हाय काय?"

"उपासाला अंडं खातं का कोण काका?"

"मग पावानं काय घोडं मारलंय?"

मी त्यांना कार्ब म्हणजे काय ते समजावलं. आवाज जरा चढला असेल. काकांनी शांतपणे ऐकलं, ऑम्लेट दिलं आणि मागच्या गिऱ्हाईकाला म्हणाले, "पोरगं चांगल्या घरचं दिसतंय, पण काहीतरी झालंय त्याला." साठ रुपये झाले. पाव न खाल्ल्याबद्दल सूट मिळत नाही, नोंद घ्यावी.

कराड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेल्या मोळ्या आणि कानाचे पडदे फाटतील अशी गाणी. ओव्हरटेक करताना डावीकडून कधीही जाऊ नये. एका वळणावर गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाचा तो वास हेल्मेटची काच खाली असूनही आत आला आणि दीड वर्षाचा माझा निश्चय पार पातळ झाला. पेठ नाक्यावर डावीकडे वळून आष्टा मार्गे सांगली. सगळ्या वाटेवर गूळ, रस, बेदाणे, भडंग यांच्याच पाट्या. या मुलखात साखर नसलेल्या गोष्टी दोनच: सांगलीची हळद आणि माझा स्वभाव.

दुपारी पोहोचलो. अण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, झोपाळ्यावर बसले होते. अंगानं जुने पैलवान, मिशा पिवळसर. ती हळद की तपकीर हे विचारायची हिंमत झाली नाही.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "भाकरी आणलीय का गवत?"

मागं दारात मेघना उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. ते मला सबंध दोन दिवस पाळायचं होतं.

संध्याकाळी मी चिकनचा रस्सा केला आणि फुलकोबी किसून, तुपात जिरं टाकून, झाकण न ठेवता परतली. झाकण ठेवलं की पाणी सुटून लगदा होतो, ही चूक सगळे करतात. माझा भात अगदी मोकळा झाला होता. ताटात वाढला. अण्णांनी तो बोटानं इकडून तिकडं केला.

"हे काय?"

"भात. फुलकोबीचा."

"ह्याला भात म्हणताय? उद्या म्हशीला इंजिन म्हणाल."

"चव तर घ्या आधी."

"वासानं कळतंय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मेघनाचं बोट ओठांवर होतंच. "मार्केटात हळदपण वासानंच घेता का?" मी विचारलं.

काकूंच्या हातातला पळा थांबला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "वासानंच घेतो." आणि रस्सा तेवढा पिऊन उठले.

रात्री मिरजेला मित्राच्या खोलीवर झोपायला गेलो. मेघनाचा मेसेज आला, 'तुझ्या जिभेला कमी कार्ब नाही, कमी तिखट हवंय.' मी सात उत्तरं लिहिली आणि सातही खोडली.

रविवारी सकाळी गेलो तर अण्णा बाहेरच उभे होते. "चला पाव्हणं, गोडाऊनला. पोरगी म्हणतीया तुमाला कशातलं तरी कळतं." सौदे बंद होते, पण गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्पी होत्या आणि आत शिरताच डोळ्यांत, घशात, शर्टावर हळद. सांगलीला येणाऱ्यांनी हा वास एकदा तरी घ्यावा, पांढरे कपडे मात्र घालू नयेत. अण्णांनी एका पोत्यातून हळकुंड काढलं, हुंगलं, कटकन मोडलं आणि आतला केशरी रंग उन्हात धरला.

"वरनं सगळी सारखीच दिसत्यात," ते म्हणाले. "मोडल्याबिगर कळत न्हाई."

हे हळदीबद्दल होतं की माझ्याबद्दल, याचा विचार करत मी त्यांच्या मागं घरापर्यंत आलो. विचारलं मात्र नाही. माझ्या हिशेबानं ही प्रगती होती.

दुपारचं जेवण ही शेवटची संधी. कृष्णाकाठची वांगी भाजून भरीत केलं, हिरव्या मिरचीचा खर्डा केला, ढब्बू मिरचीत पनीर आणि कूट भरलं. भात रद्द. रात्री डोक्यात एक गोष्ट आली होती, अण्णांचं भांडण चवीशी नव्हतंच. त्यांच्या घरात कुणी 'जेवला का' असं विचारत नाही, 'भाकरी खाल्ली का' विचारतात. ताटात भाकरी नसली तर माणूस उपाशीच धरला जातो, मग तो काहीही खाऊन उठलेला असो.

म्हणून जवसाचं पीठ काढलं. दोन वाट्या पिठाला दोन चमचे इसबगोल, मीठ, आणि कढत पाणी. दहा मिनिटं झाकून ठेवायचं. एरवी मी ती प्लॅस्टिकच्या कागदात लाटतो, कारण तिला चिकटपणा कमी आणि कडा लगेच फाटतात. त्या दिवशी परातीत ओला फडका अंथरून हातानं थापली. पहिली फाटली. दुसरीला अमेरिकेचा आकार आला. तिसरीला हात बसला आणि थप थप आवाज घरभर जायला लागला.

सोप्यातला झोपाळा थांबला.

"कोण थापतंय?" अण्णांचा आवाज आला.

"तुमचं पाव्हणं," काकू म्हणाल्या.

ते दारात येऊन उभे राहिले. बघत राहिले. तव्यावरची भाकरी काळपट होती, आमच्या वाईच्या नदीघाटाच्या पायरीच्या रंगाची. अण्णा पाटावर बसले. भाकरी मोडली, भरीत घेतलं, खर्डा घेतला, खाल्लं.

"काळी हाय," ते म्हणाले. दुसरी घेतली. "पण भाकरी हाय."

मेघनानं मला पाणी दिलं. मी ते भरीत समजून भाकरीला लावलं असेल, मला आठवत नाही.

तीन भाकऱ्यांवर अण्णांनी ढेकर दिली. "पोट भरलं," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द. आता फुडचं." सगळे सावरून बसलो. "फुडचं बोलायच्या आधी तोंड गोड करत्यात. रीत हाय. तुमच्या पिशवीत तळाला कंदी पेढं हायत. कालच वास आलाय मला. एक माझ्या हातावर ठेवा, फुडच्या आठवड्यात तुमच्या आईला भेटायला मी वाईला येतो."

आणि त्यांनी हात पुढं केला.

वाचकहो, माझी अवस्था समजून घ्या. काकू हळूच म्हणाल्या, "एकच द्या, एकानं काय होतंय." मेघना जमिनीकडे बघत होती. हातभर अंतरावर काकूंना द्यायचा राहून गेलेला बॉक्स, त्यात पेढा, पेढ्यापलीकडे माझं सगळं आयुष्य. दीड वर्षांपूर्वी माझी आईही अगदी असाच हात पुढं करायची. एकच दे रं.

"नाही," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"पेढा नाही. दोन दिवस तुमची साखर सांभाळायला आलोय, घालवायला नाही." इथं थांबलो असतो तर माणसात जमा झालो असतो. पण माझा आवाज चढला होता. "पोरगी देऊ नका हवं तर. पेढा मिळणार नाही."

मेघना उठली आणि आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, बहुतेक माझाच तवा. "मी काय पेढ्याच्या बदल्यात आहे का रे," एवढंच आतून ऐकू आलं.

अण्णांनी हात मागं घेतला. धोतराला पुसला. मी सॅक भरली. निघताना गाडीपाशी ते आले आणि हातात एक कापडी पिशवी दिली. "आईला द्या. हळद हाय. हिच्यात तरी साखर न्हाई न्हवं?"

"असतं थोडं कार्ब," मी म्हणालो. मला त्या क्षणीसुद्धा राहवलं नाही.

"बरं," अण्णा म्हणाले. "दमानं जा रं."

परतीच्या रस्त्याची माहिती माझ्याकडे नाही. ऊस होता, रस्ता होता, एवढं सांगू शकतो. कराडच्या पुढं गाडी बाजूला लावून पिशवीत डोकावलो, तर सगळी अख्खी हळकुंडं. दळलेलीसुद्धा दिली नव्हती. माझा पार भडका उडाला. एवढी हळद वाईत कुठल्या गिरणीत दळून घेऊ? पेट्रोलला जाऊन येऊन पाचशे गेले ते वेगळेच.

घरी आलो. आईनं सॅक उघडली आणि पेढ्यांचा बॉक्स बघून खालीच बसली. बॉक्सची दोरीसुद्धा सुटली नव्हती. "परत आणलास?"

मी सगळं सांगितलं. ताट, म्हैस, भाकरी, हात, पेढा. आई ऐकत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. शेवटी मी ती पिशवी तिच्या पुढं टाकली. "आणि हे बघ. टोमणा मारलाय त्यांनी. अख्खी हळद दिलीय. उद्या गिरणीत टाकून येतो."

आईनं पिशवी उघडली. एक हळकुंड काढून हातात फिरवलं. मग उठली, हात धुतले, आणि ती पिशवी देवापुढं नेऊन ठेवली.

"गिरणीत काय टाकतोस मेल्या," ती म्हणाली. "पोरीकडनं आलेली हळद दळायची नसती. फोडायची असती. लग्नात."

मला कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात मेघनाचा मेसेज आला होता: 'अण्णांना रात्री परत काळी भाकरी हवीय. मला थापता येत नाही. आणि मी अजून रागावलेली आहे.' मी आईला वाचून दाखवला. आई हसली, डोळे पुसले आणि सहज गेल्यासारखा तिचा हात पेढ्यांच्या बॉक्सकडे गेला.

पेढे मी शेजारी वाटून आलो. सगळे. आई सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही.