पिवळ्या पट्ट्याचा बाण

बाण कुठं लागला हे मला सांगायला कुणी येऊ नये. एकतीस वर्षं मी या गावातली हरणं सोलतोय. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत धनुष्यवाले येतात, मध्येच नोव्हेंबरात नऊ दिवस बंदूकवाल्यांची जत्रा. दुकानासमोर गाडी लागली की मागचा फळका उघडायच्या आधीच शिकारी सुरू होतो, "लेन, काय नेम लागला म्हणून सांगू, थेट काळजात!" मी मान हलवतो. मग कातडं उतरवलं की भोक सापडतं मागच्या मांडीत, नाहीतर पोट फुटून आत सगळी घाण. मी तोंडानं काही बोलत नाही, गिऱ्हाईक आहे. पण सॉसेजचं पुडकं हातात देताना असा बघतो, की पुढच्या वर्षी त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आर्लिस नीगार्डच्या हरणाला मात्र भोक कायम एकाच जागी. पुढच्या पायाच्या मागं चार बोटं, खालून तिसऱ्या हिश्श्यावर. आत जाताना एक, पलीकडं बाहेर पडताना एक. दोन्ही फुप्फुसं फुटलेली, मांस स्वच्छ. असं हरीण पन्नास पावलांच्या आत आडवं होतं, आपल्याला काय झालं हेही त्याला कळत नाही.

आर्लिसनं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत जानेवारीतला रस्ता म्हणजे तेल ओतलेला तवा, पण तिची बस कधी खड्ड्यात गेली नाही. नवरा हार्लन वारला तेव्हा सुट्टी घेतली ती दोन दिवस. बसला रंग देऊन उरलेला पिवळ्या रंगाचा डबा तिनं घरी आणून ठेवला होता. आपले बाण ती स्वतः करायची, देवदाराच्या काड्यांचे, टर्कीची पिसं लावून. प्रत्येक बाणावर पात्याच्या मागं दोन बोटांवर त्या रंगाचा पट्टा. धनुष्य ओढताना पट्टा मुठीशी आला की समजायचं, दोरी पुरी ताणली.

आणि बावीस वर्षं, दर ऑगस्टमध्ये, चर्चच्या तळघरात ती पोरांना धनुष्याची शिकार शिकवायची. शेवटी परीक्षा, आणि ती पास झाल्याशिवाय पोरानं रानात पाय ठेवायचा नाही. तिथं फोमचं एक हरीण होतं, खऱ्याएवढं, एक कान तुटलेलं. पोरांनी त्याचं नाव ग्लॅडिस ठेवलं होतं. आर्लिस ग्लॅडिसला फिरवायची आणि विचारायची, "आता? सोडशील? कुठं?" पोरानं बोट ठेवून दाखवायचं. आडवं उभं असेल तर ठीक. जरा पाठमोरं असेल तर आणखी ठीक. पण हरीण तिरकं, छाती आपल्याकडं करून उभं असलं तर उत्तर एकच, नाही. समोर खांद्याचं हाड येतं, फरा म्हणतो आम्ही त्याला. बाण त्यात अडकतो, हरीण पळतं, आणि मग मरतही नाही आणि नीट जगतही नाही. या एका प्रश्नाला "सोडीन" म्हणणारा पोरगा बाकी शंभर उत्तरं बरोबर देऊनही नापास. रडा, बापाला घेऊन या, काहीही करा. आता पुढच्या ऑगस्टलाच या.

असं असताना, तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात ती एका दुपारी दुकानात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातांवर काट्यांचे ओरखडे.

"लेन, डाव्या खांद्यात लाकूड असलेला नर कुणी आणलाय का?"

"नाही," मी सुरी पुसत म्हणालो. "का? कुठल्या गाढवानं मारला?"

"या गाढवानं," ती म्हणाली, आणि बाकड्यावर बसली.

मला हसू आलं. मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला.

डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की उजवा खांदा झिजलाय, फार तर हा एक हंगाम धनुष्य ओढता येईल. आणि ज्या नरावर ती पाच वर्षं डोळा ठेवून होती, तो दोन दिवसांपूर्वी सकाळी तिच्या मचाणापासून अठरा पावलांवर येऊन उभा राहिला. तिरका. छाती तिच्याकडं.

"वळेल म्हणून थांबले," ती म्हणाली. "दोरी ताणलेलीच. हात थरथरायला लागला. खाली घेतला असता तर त्यानं पाहिलं असतं आणि गेला असता. मानेच्या आणि खांद्याच्या मधे एवढीशी फट दिसत होती. मनात आलं, दुसऱ्या कुणाला जमणार नाही, पण मला जमेल."

"मग?"

"ठक् असं वाजलं. दारावर टिचकी मारावी तसं."

दोन दिवस ती रानात रांगली होती. रक्ताचे सहा थेंब, अर्धी मोडलेली काडी, पुढं काही नाही.

"होतं गं असं," मी म्हणालो. "सगळ्यांच्या हातून होतं."

"त्या सगळ्यांना मी शिकवलंय, लेन."

जाताना म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी कशाला सांगतोय? खरं सांगायचं तर, तिनं मलाच विश्वासात घेतलं याचा थोडा तोराच चढला होता मला. त्या तोऱ्यानंच पुढं घाण केली.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं खांद्याचं निमित्त सांगून वर्ग सोडला. ग्लॅडिस आणि तळघराच्या किल्ल्या किप सोबोटाकडं दिल्या. हा किप चीजच्या कारखान्यात कामाला, तिचाच विद्यार्थी. बाराव्या वर्षी त्याच तिरक्या हरणाच्या प्रश्नाला "सोडीन" म्हणून नापास झालेला. त्याचा बाप त्यावरून वर्षभर आर्लिसशी बोलला नव्हता. किपनं मात्र पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, आणि पास होणाऱ्या प्रत्येकाला मिळायचा तसा पिवळ्या पट्ट्याचा एक बाण घेऊन घरी गेला.

गावानं निरोपाचा केक केला. पाद्रीबुवा म्हणाले, लेन, तू चार शब्द बोल, तिचा नेम तुझ्याइतका कुणी पाहिलाय? मी नको म्हणायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उठून म्हणालो, "इतकी वर्षं मी आर्लिसची हरणं कापतोय. या बाईचा एकही बाण कधी चुकलेला नाही. हे मी खाटीक म्हणून सांगतो, आणि खाटकाला सगळं दिसतं." टाळ्या पडल्या. आर्लिस केकच्या ताटलीकडं बघत उभी होती. तिनं तो खाल्ला नाही.

दोन-तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. ऑक्टोबरात एकदम दुकानात येऊन एक फोटो टेबलावर टाकला. शेजाऱ्यानं झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातला. तोच नर. डावा पुढचा पाय जमिनीला जेमतेम टेकवलेला, बरगड्या वर आलेल्या.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "वर्षभर असा फिरतोय. यंदाचा माझा एका नराचा परवाना याच्यासाठी. दुसरा कुठलाही आला तरी मी हात उचलणार नाही. मारला तर ओढून आणायला तू ये, मला या खांद्यानं ओढवणार नाही."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टरला विचारलंय कुणी?"

अकरा सकाळी आम्ही गेलो. ती मचाणावर, मी मागं पाइनच्या झाडाखाली, पार्श्वभाग गोठवत. तिच्यासमोरून चांगले नर गेले, आडवे, निवांत. तिनं बघितलंसुद्धा नाही. बाराव्या सकाळी, उजाडून तासभर झाल्यावर, तो आला. तीन पायांवर चालत आणि चौथा सांभाळत. दर चार पावलांनी थांबायचा. एवढा मोठा प्राणी, आणि म्हाताऱ्यासारखा श्वास घेत होता.

अठरा पावलांवर येऊन तो उभा राहिला. तिरका. छाती तिच्याकडं. मुद्दाम कुणी आणून उभा करावा तसा.

आर्लिसनं धनुष्य ओढलं. पिवळा पट्टा मुठीशी आलेला मला खालून दिसला. मी मनात म्हणत होतो, सोड बाई, सोड, सुटू दे एकदा त्याला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचा हात थरथरायला लागला, मग कोपर, मग सगळी पाठ. आणि तिनं दोरी हळूहळू परत पुढं नेली. नरानं मान वर केली, तिला पाहिलं, आणि लंगडत, उड्या मारत झाडीत नाहीसा झाला.

ती शिडीवरून उतरेपर्यंतही मला दम धरवेना.

"काय केलंस हे? तो रोज मरतोय, आर्लिस! तुझ्यामुळं मरतोय!"

"माहीत आहे."

"मग सोडायचा होता ना! लागलाही असता बरोबर."

"गेल्या वर्षी मला हेच वाटलं होतं."

"गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी. आज त्याच्यावर उपकार झाले असते."

"उपकार!" ती ओरडली. "आणखी एक लाकूड दुसऱ्या खांद्यात? तो वळला नाही, लेन. मी काय करू? तो वळलाच नाही." आणि ती शिडीला धरून रडायला लागली. हार्लनच्या मातीला मी हिला रडताना पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, पण रागही गेला नव्हता. दोन्ही घेऊनच घरी आलो.

पाचव्या दिवशी किप सोबोटाच्या गाडीतून तो नर माझ्या दारात आला.

किपनं त्याला आडवा उभा असताना घेतला होता. पायामागं चार बोटं, खालून तिसरा हिस्सा. चाळीस पावलांत पडला, म्हणाला, आणि फुशारकी न मारता म्हणाला. कॉफीचा कप घेऊन तो बाजूला उभा राहिला, मी कातडं उतरवलं. डाव्या फऱ्यापाशी सुरी गेली तशी दुर्गंधी आली. मांसात मुठीएवढी पुवाची पिशवी, आणि आत, हाडात रुतलेलं पातं आणि चार बोटं लाकूड. पुसलं तर पिवळं दिसलं. मी मूठ मिटली.

"काय आहे?" किप म्हणाला.

"काही नाही. जुनं पातं."

"कुठल्या नालायकाचं काम आहे हे? समोरून मारलाय बघा! असल्यांचं धनुष्य मोडून चुलीत घातलं पाहिजे. दाखवा ना लेन, कुणाचं आहे ते कळेल."

"गंजलंय. काही कळत नाही."

तेवढ्यात दार वाजलं. आर्लिस. हंगामात ती रोज यायची, तोच एक प्रश्न विचारायला. त्या दिवशी विचारावं लागलं नाही. तिनं शिंगं बघितली, मग फरा, मग मला.

"लेन, मूठ उघड."

"अगं, काही नाहीये त्यात."

"एकदा खोटं बोललास तेवढं पुरे. उघड."

मी उघडली. किपनं बघितलं. असाच एक बाण त्याच्या घरी चुलीवरच्या भिंतीवर टांगलेला आहे, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"मी बारा वर्षांचा होतो, मिसेस नीगार्ड," तो म्हणाला. "ग्लॅडिस अशीच उभी होती. मी फक्त म्हटलं होतं, सोडीन. नुसतं म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही मला नापास केलंत. सगळी पोरं रानात गेली आणि मी वर्षभर घरी बसलो."

"हो, किप."

"म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"सोबोटा, तोंड सांभाळ!" मी म्हणालो.

"बोलू दे त्याला," आर्लिस म्हणाली.

किपनं कप ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते. "परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी असते," तो म्हणाला. "येताना पेन्सिल आणा." आणि मांस कधी तयार होईल हेही न विचारता निघून गेला.

मी त्याला शिव्या घातल्या. आर्लिसनं ते लाकूड नळाखाली धुतलं, कागदात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. "डावा फरा टाकून दे," म्हणाली, "त्यातलं काही सॉसेजात घालू नकोस." जसं काही मी घातलं असतं.

मला वाटलं होतं, किप रागात बोलला, ऑगस्टपर्यंत विसरेल. पण ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी चर्चच्या तळघरात लिंबाच्या वड्यांचा ट्रे पोचवायला गेलो, तर अकरा पोरांच्या ओळीत शेवटच्या घडीच्या खुर्चीवर आर्लिस. मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. किपनं तिला येताना बघितलं असावं, कारण तो घाम पुसत होता आणि तिच्याकडं बघणं टाळत होता.

शेवटी त्यानं ग्लॅडिसला फिरवलं. तिरकी, छाती पोरांकडं. एकेका पोराला विचारत गेला. "सोडशील?" नाही. "सोडशील?" नाही. सगळ्यांना उत्तर पाठ होतं, दर वर्षी असतं. ओळ संपली. किप तिच्यासमोर उभा राहिला.

"मिसेस नीगार्ड. सोडाल?" त्याच्या आवाजावरून कळत होतं की तिनं पटकन नाही म्हणावं आणि सगळ्यांनी वड्या खायला उठावं एवढंच त्याला हवंय. मलाही तेच हवं होतं.

आर्लिस उठली. ग्लॅडिसपाशी गेली आणि मानेच्या आणि खांद्याच्या मधे बोट ठेवलं.

"सोडला होता," ती म्हणाली. "इथं."

तिनं खिशातून कागद काढला, तो लाकडाचा तुकडा पहिल्या पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, पुढं दे. तो हातोहात फिरला. एकानं पात्यावरचा हाडाचा कण नखानं खरवडून बघितला आणि पटकन पुढं सरकवला. मी ट्रे धरून उभा होतो. शेवटी तो माझ्याकडंही आला, जणू मीही परीक्षेला बसलो होतो.

किपनं तिचा कागद घेतला. पेन्सिल नुसतीच हातात धरून उभा राहिला.

"उत्तर काय लिहू?" त्यानं हळूच विचारलं.

"नापास लिही," आर्लिस म्हणाली. "पुढच्या ऑगस्टला येईन."