थँक्सगिव्हिंगला जेवणार कुठे?

लॉरेन पेट्रोस्की बाईंना कधी कुणी चिडलेलं पाहिलं नाही, असं आमच्या ओहायोतल्या डेटन गावात म्हणतात. साफ खोटं. बाई सत्तावीस वर्षं चिडलेल्याच होत्या, पण फोनवर, दार लावून. सरकारी शाळेत बारावीच्या पोरांना कुठलं कॉलेज मानवेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारचा सण, घरोघरी टर्की पक्षी भाजून सगळे एकत्र जेवतात; त्यासाठी दर ऑक्टोबरात त्या एकेका कॉलेजच्या होस्टेलला फोन लावायच्या. "थँक्सगिव्हिंगला मुलांना बाहेर काढता का?"

"बाहेर कशाला काढू? मुलं आपापल्या घरी जातात."

"आणि ज्याला घर नाही तो?"

पलीकडून नियम वाचून दाखवला जायचा. मग बाईंचा आवाज असा चढायचा की शेजारच्या वर्गात गणित थांबायचं.

उत्तर एका कार्डावर उतरायचं आणि कार्ड बुटांच्या खोक्यात जायचं. कॉलेजचं नाव, होस्टेलला कुलूप कधी, आणि सगळ्यात खाली एक ओळ: कुणामुळे कळलं. तिथे बहुतेक वेळा एखाद्या पोराचं नाव असे. म्हणजे ते पोर आधी उघड्यावर पडलं होतं, मग कार्ड झालं होतं.

हे वेड बाईंना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, सफरचंद कापता कापता. त्या अनाथ. सरकारच्या खर्चाने या घरात दोन वर्षं, त्या घरात तीन, अशा वाढलेल्या. अठरा पूर्ण झाली की ते खातं बंद. कॉलेजच्या पहिल्या नोव्हेंबरात बुधवारी होस्टेलला कुलूप लागलं आणि बाईंनी चार दिवस बसस्टँडवर काढले. "सगळा देश टर्की खात होता," त्या म्हणाल्या, "आणि मी पावाची कड." ते सफरचंद फार बारीक चिरलं गेलं.

मी त्यांचीच विद्यार्थिनी, रेनी. बारावीच्या प्रत्येक पोराला विचारायच्या तो प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता: थँक्सगिव्हिंगला जेवणार कुठे? मी हसले होते. "आईकडे, मिस! आणखी कुठे?" मला तो प्रश्न येडपटच वाटला होता, हे आता सांगून टाकते.

पुढे मी मोबाइलची ॲप आखायला लागले. कुठल्या पडद्यावर काय दिसेल, काय आधी विचारायचं, ते मी ठरवते. आमच्या कंपनीने 'तुला शोभेल ते कॉलेज' सुचवणारं ॲप काढायचं ठरवलं तेव्हा मीच बाईंना घेऊन आले. सहा महिने त्या दर मंगळवारी आल्या. त्यांचा प्रश्न मी पहिल्याच पडद्यावर टाकला: थँक्सगिव्हिंगला जेवणार कुठे?

चाचणीत पोरं त्या पडद्यावर थबकायची. काही जण ॲप बंद करायचे. आमचा साहेब ग्रेग, उंटावरचा शहाणा, म्हणाला, "रेनी, पोरांना रडवायचंय का? स्वप्नं दाखव, स्वप्नं."

"पण जी थबकतात, त्यांच्यासाठीच तर आहे तो."

"ती किती असतील? शंभरात दोन? त्या दोघांसाठी अठ्ठ्याण्णव घालवू?"

मी भांडले का? नाही. प्रश्न पहिल्या पडद्यावरून एकोणिसाव्यावर नेला, मग 'अधिक माहिती'च्या बटणामागे लपवला, आणि एका शुक्रवारी काढून टाकला. त्या जागी घातलं: डोंगर आवडतात की समुद्र? ओहायोच्या पोरांना! जिथे क्षितिजापर्यंत मका आहे आणि मक्यामागे सोयाबीन!

बाईंनी विचारलं, "माझा प्रश्न कुठे गेला गं?"

"पुढच्या खेपेला येईल, मिस."

"आणि तोवर पोरं कुठे जेवतील?"

मी पाणी आणायला उठले. इतकी मी शूर.

ॲप शाळेने घेतलं. आता बाई कशाला हव्यात? त्यांना हजेरीच्या खिडकीवर बसवलं, खोकं त्यांच्या घरच्या कपाटात गेलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

ॲपने कॉलेजात धाडलेल्या पहिल्या पोरांच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी एकला, बाईंचा फोन आला. "गाडी काढ. माझीच्या हीटरने मान टाकलीय. मिशिगनला जायचंय."

ब्रिआना वूटन. आमच्याच शाळेतून गेलेली, बाईंसारखीच सरकारच्या खर्चाने परक्या घरांत वाढलेली; तिनेच बाईंना फोन केला होता. ॲपने तिला कॉलेज सुचवलं होतं: सत्त्याण्णव टक्के योग्य. त्या कॉलेजचं कार्ड बाईंकडेही नव्हतं, ते त्यांच्या फोनच्या यादीत पुढच्या ऑक्टोबरला होतं. आणि तो ऑक्टोबर त्यांनी हजेरीच्या खिडकीत घालवला होता. होस्टेल पाचला बंद होणार होतं. जुन्या घरी तिच्या पलंगावर दुसरी मुलगी आली होती.

वाटेत बाईंनी होस्टेलला फोन लावला. "मी तिची कोण? मी तुमची डोकेदुखी! मी येईपर्यंत ती पोर आतच बसेल." मग ऐकलं. मग म्हणाल्या, "नियम? नियम करणाऱ्याला सांगा, उद्या तुझ्या आईला पायरीवर बसव आणि मग टर्की काप!"

नियमाने ऐकलं नाही. आम्ही सव्वापाचला पोचलो तेव्हा ब्रिआना पायरीवर होती, मांडीवर कपड्यांची पिशवी, पायाशी उशी. दाराला साखळी. बाईंनी आपला कोट तिच्या अंगावर टाकला.

गाडीत बसताना तिचा फोन वाजला. तिने पाहिलं आणि हसली, पण कसं हसली ते मी सांगणार नाही. फोन माझ्यासमोर धरला. आमच्या ॲपचा निरोप होता: 'घरच्यांसोबत सण मजेत साजरा कर!'

ते वाक्य मी लिहिलं होतं. उद्गारचिन्हासकट.

"कोण गाढव लिहितं हो हे?" ब्रिआना म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मी," मी म्हणाले. मग गाडी सुरू केली; डेटन चार तासांवर होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर आम्ही तिघी. टर्की जरा करपलेली, रताळी छान. माझी आई तिकडे माझ्याविना जेवत होती, येत नाही म्हणून तिला कळवलं होतं. ब्रिआनाने दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर बाईंनी कपाटातून खोकं काढलं आणि एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"लिही."

मी कॉलेजचं नाव लिहिलं. लिहिलं, बुधवारी पाचला कुलूप. खाली 'कुणामुळे कळलं' लिहून ब्रिआनाच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला गेले, तोच बाईंनी माझा हात धरला.

"तिचं नको," त्या म्हणाल्या. "प्रश्न तू काढून टाकलास, तिथे तुझं नाव घाल."