वाल सोलायला पाव्लिक बसतो

मध्यंतर झालं आहे आणि हेमलताबाईंचे डोळे मिटायला लागले आहेत. टीव्हीवर कुणीतरी नाचतंय. लेकफोर्ड गावची टीम, हॅमर्स, तीन गुणांनी मागे आहे. अमेरिकन फुटबॉलचा जो करंडक त्यांना आजवर एकदाही मिळाला नाही, त्याचीच आज फायनल; आणि ती बघायला श्रीनिवासराव नाहीत. गणपतीच्या आधीच गेले. त्यांच्या आरामखुर्चीत आज बाई बसल्या आहेत, तेही अवघडून, कारण चौथा क्वार्टर सुरू झाला की त्यांना उठायचं आहे.

तो घरचा नेम. लग्नानंतर इथे आल्या त्याच वर्षी त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि तेवढ्यात हॅमर्सनी टचडाउन केलं. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तेव्हापासून शेवटच्या क्वार्टरला बाईंची रवानगी स्वयंपाकघरात. रिकामं काय बसायचं, म्हणून त्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत. हॅमर्सचा एकही विजय त्यांनी डोळ्यांनी बघितलेला नाही, बघितली ती डाळिंबी. आजही वाल ओट्यावर कोमट पाण्यात पडून आहेत. एकदा, एकदाच बाहेर बसून बघावं असं फार वाटतंय. पण आपल्यापायी त्यांची टीम हरली तर? वर गेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

टीव्हीचा आवाज लांब लांब जातो. बाई उठून आत जातात, तर पायाखाली गवत. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मधोमध चामडी टोप घातलेले आडदांड गडी मांडी ठोकून बसलेत आणि वाल सोलताहेत.

"हा जो पाव्लिक," ओळखीचा आवाज येतो. "हॅमर्सचा पहिला कप्तान. आठवडाभर पोलादाच्या भट्टीवर, रविवारी मैदानात. आणि तो ओल्सन, नाक मोडलं तरी..."

"नाकाचं मला पाठ आहे!" हेमलताबाई हसतात आणि रडतातही. श्रीनिवासरावांनी कमरेला त्यांचाच ॲप्रन बांधला आहे. "अहो, तुम्ही इथे काय करताय? मीठ कुठल्या डब्यात असतं ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही. पण कुणीतरी आत हवं ना? नेम तो नेम."

"मग मी?"

"तू बाहेर बस. आतली बाजू आता आमच्याकडे."

"आणि हरले की माझ्या नावानं खडे फोडाल."

"पाव्लिकच्या नावानं फोडू. त्याला सवय आहे."

पाव्लिक गडगडून हसतो आणि त्याच्या अंगठ्याखाली एक वाल चिरडतो.

"अरे, हलक्या हातानं!" बाई ओरडतात.

श्रीनिवासराव फ्रिजचं दार उघडतात. आत सगळं स्टेडियम उजळलेलं आहे, माणसं माणसांच्या खांद्यावर उभी. बाई त्या दारातच थबकतात.

"पण तुम्हाला आतून दिसणार कसं?"

"इतकी वर्षं तू माझ्या ओरडण्यावरच मॅच बघितलीस ना? आता तू ओरड. मी ऐकतो." मग नेहमीसारखं, "अगं, शाल घे. गारठा आहे."

हेमलताबाईंना जाग येते. खुर्चीतच आहेत. पडद्यावर चौथा क्वार्टर सुरू होतोय. सवयीने त्या लगबगीने आत जातात. गवत नाही, रेघा नाहीत. ओट्यावरचे वाल मात्र सगळे सोललेले आहेत. टरफलांचा ढीग एका बाजूला, आणि डाळिंब्यांमध्ये एक पार चिरडलेली.

ती चिरडलेली डाळिंबी मुठीत घेऊन त्या बाहेर येतात, शाल पांघरतात आणि खुर्चीत ऐसपैस पाय पसरून बसतात. आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

"अहो," स्वयंपाकघराकडे मान वळवून त्या खणखणीत आवाजात ओरडतात, "बॉल आपल्याकडे आलाय! बाहेर यायचं नाही हं!"