गोदाबाईंचा कंदील आणि गंगव्वाचं कापड

या गं पोरींनो, अशा जवळ सरकून बसा. शिकून शहाण्या झालात, टिळकवाडीत संसार थाटलेत, आणि तुमच्या गोदाबाई गेल्या तर शहापूरच्या गल्लीत एकीचंही पाऊल नाही? मी जोंधळे पाखडत होते, तेव्हा कुणीतरी येऊन सांगितलं. सूप तसंच खाली ठेवलं... त्याला आता महिना होऊन गेला.

बाई आमच्या शेजारच्या. विणकरांच्या लेकींसाठी त्यांनी माडीवर वर्ग काढला आणि कुठूनसा जादूचा कंदील पैदा केला. खिडक्या लावायच्या, कंदिलात चित्राची काच सरकवायची, की समोरच्या पांढऱ्या कापडावर चित्र पडायचं. "नुसतं घोकून काय होतंय? पोरींच्या डोळ्यांना दाखवा," असं म्हणायच्या. काचांवर साहेबाच्या मुलखातली घरं, झाडं. ती आमच्या पोरींना काय कळणार? म्हणून लष्कराच्या कँपातल्या फोटोवाल्याकडून त्यांनी गल्लीतलीच चित्रं करून घेतली. 'कांडी' हा शब्द शिकवायला मागासाठी सुताची कांडी भरत बसलेली चंद्री, गल्लीतल्या गंगव्वा विणकरणीची लेक. समोरचं पांढरं कापडही गंगव्वाच्याच मागावरचं. खिडक्या लावायचं काम माझं. लावता लावता मीही अक्षरं उचलली.

मग चंद्री तापानं गेली. गल्लीत उठलं, कंदिलानं पोरीचा जीव ओढला. एकेक आई आपली लेक घेऊन गेली. बाईंनी चंद्रीची ती काच फोडायला हातात घेतली, एवढ्यात गंगव्वा जिना चढून आली.

"फोडू नगा बाई. दावा मला."

दाखवली. गंगव्वा उठली, कापडापाशी गेली आणि बोटांनी सूत चाचपत राहिली. चित्रातला पोरीचा हात तिच्या हातावर पडला होता...

"हितंच हाय," ती म्हणाली. "माझ्या कापडानं धरून ठिवलीया."

"अगं, चित्र काचेत आहे, कापडात नाही," बाई समजावत राहिल्या. खात्री पटावी म्हणून कापड काढून त्यांनी चित्र भिंतीवर पाडलं. गंगव्वानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"भिंतीला सूत नसतंय बाई. पोर टिकंल कशी?"

बाईंनी कापड पुन्हा टांगलं. तेव्हापासून दर शनिवारी वर्ग सुटला की गंगव्वा येऊन बसायची. जिची पोर गेली तीच येते म्हटल्यावर बाकीच्या आयांची भीती मोडली, पोरी परतल्या. त्याच तुम्ही! बाईंनी तुम्हाला कंदील चालवायलाही शिकवलं. मी मात्र भीतीनं कधी हात लावला नाही.

परवाच्या शनिवारी गंगव्वा आली. आता पार वाकलीय.

"लाव गं आक्का. लई दिस झालं पोरीला बघून."

मी खिडक्या तेवढ्या लावल्या आणि तिच्याशेजारी टेकले. कंदील थंड, खोलीत काळोख, कापडसुद्धा धड दिसेना. गंगव्वा मात्र टक लावून बसलेली. बऱ्याच वेळानं तिनं पदर सावरला, मोठ्या माणसांपुढं सावरतात तसा.

"आज दोघी आल्यात," म्हणाली.

मला काही दिसलं नाही, खरंच सांगते. पण दार उघडून उजेड घ्यायचं धाडस झालं नाही... येत्या शनिवारी कुणीतरी या गं, आणि कंदील पेटवा. एकटीनं तिच्याशेजारी बसवत नाही मला.