बकुळीच्या पानातली बुरशी

आमच्या लॅबचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत, राग गिळता गिळता साठत गेले. मल्लेश्वरममध्ये आम्ही जुने दोघं-तिघं भेटलो, कॉफी आली, की कुणीतरी म्हणतंच, "तो सरांचा किस्सा सांग ना!" मी सांगते. ते पोट धरून हसतात. माझं डोकं अजून फिरतं.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी पीएचडी पानांच्या आत राहणाऱ्या बुरशीवर होती. झाडाला त्रास न देता ती आत मुक्काम ठोकते आणि कधी कधी औषधी रसायनं बनवते. आवारातल्या बकुळीचं पान आणायचं, स्पिरिट-ब्लीचमध्ये धुवायचं, म्हणजे वरचं सगळं मरतं. मग तुकडा बुरशीचं खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटमध्ये ठेवायचा. जी उगवते ती आतली.

आमचे गाइड पुण्याचे. प्लेट दिसली की ओरडायचे, "कंटॅमिनेशन! आधी हात धुवायला शीक!" वर्षभर हेच ऐकलं. शेवटी धुतलेलं पान मी प्लेटवर नुसतं दाबून उचललं. काहीच उगवलं नाही, म्हणजे पान बाहेरून स्वच्छ! पुरावा घेऊन धावतच केबिनमध्ये गेले.

सर म्हणाले, "रिकामी प्लेट काय दाखवतेस?"

*

एकदा पाहणीला कमिटी येणार होती. सरांचं फर्मान निघालं, "लॅबमध्ये बुरशी दिसता कामा नये!" बुरशीच्या लॅबमध्ये! माझ्या चार महिन्यांच्या प्लेट्स एका सकाळीत फेकल्या गेल्या. मी व्हरांड्यात रडत बसले.

आमच्या अटेंडंट नंजम्मा अक्का जवळ आल्या. "स्वल्प थांबा, मॅडम." डब्याच्या पिशवीतून त्यांनी एक प्लेट काढली. "ही नाही टाकली. हिच्याजवळ दुसरी कुठलीच बुरशी फिरकत नाही. मी रोज बघते ना!"

जे सरांना वर्षभरात दिसलं नव्हतं, ते अक्कांनी झाडू मारता मारता पाहिलं होतं.

*

त्या बुरशीभोवती खरंच स्वच्छ कडं पडायचं, दुसरी बुरशी आत यायचीच नाही. त्या दिवसापासून कंटॅमिनेशनची 'माझी बुरशी' झाली. माझी म्हणजे सरांची! पेपर छापून आला. लेखक फक्त सर. मी कुठे होते? तळाला, आभारात: 'टायपिंगच्या मदतीबद्दल.' त्या दिवशी मी जेवले नाही.

*

पुढे बुरशी आळशी झाली. झाडापासून दूर, प्लेटमागून प्लेट वाढवली की ती रसायन बनवणं सोडते, कडं नाहीसं होतं. मी लॅबमधल्या जुन्या कुकरमध्ये बकुळीची पानं शिजवली आणि तो काढा तिला खाऊ घातला. कडं परत आलं! सगळी कृती थीसिसमध्ये लिहिली. हे तरी माझ्या नावावर राहील, असं वाटलं होतं.

सरांनी लाल पेन उचललं. "ही लॅब आहे, स्वयंपाकघर नाही!" कृतीच्या ओळी इतक्या जोरात खोडल्या की कागद फाटला. खाली सही ठोकली. तो परिच्छेद काढल्याशिवाय थीसिस पुढे जाणार नव्हता. काढला. पण ते पान मी जपून ठेवलं.

*

दीड वर्षानंतर मी होसकोट्याला एका कारखान्यात नोकरी करत होते. सरांचा फोन आला. एका औषध कंपनीचे लोक त्या बुरशीसाठी करार करायला येणार होते आणि बुरशीभोवती कडंच पडत नव्हतं.

"तू काय करून ठेवलंस माझ्या बुरशीला? मला लेखी हवंय!"

"लेखीच ना, सर? देते."

ते लाल पान मी तसंच्या तसं फॅक्स केलं, त्यांच्या सहीसकट.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. आवाज अगदी दबका.

"मॅडम, सर सकाळपासून बकुळीची पानं तोडतायत. आता कुकर लावून बसलेत. फॅक्सवर खोडलेलं सगळं काळं आलंय, वाचता येत नाही. विचारतायत, किती शिट्ट्या?"