लहानूच्या नावाचं कडवं

सरिता ढोके शिलाई मशीनवर बसलेली असली की तिच्याशी बोलायला जाऊ नये, हे आमच्या रेल्वे कॉलनीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लहान पोरांनाही ठाऊक आहे. पंडरीच्या कापडबाजारातल्या साड्यांना ती फॉल-पिको करते आणि दोरा कात्रीने न कापता दाताने तोडते. काही वर्षांपासून तो दोरा म्हणजे निरंजन नावाच्या माणसाची मान आहे, हे फक्त मला माहीत होतं. मी मीराबाई, तिची शेजारीण. तिच्या नवऱ्याच्या गायन पार्टीत मी कोरसला असायचे. माझा आवाज चांगला नाही, पण मोठा आहे, आणि कोरसमध्ये तेवढ्यावर भागतं.

तिचा नवरा लहानू रेल्वेत गँगमन होता. दिवसा रूळ, संध्याकाळी पेटी. गाणी स्वतः बांधायचा. एक गोष्ट मात्र तो फार कडक पाळायचा. शेवटच्या कडव्यात गाणं बांधणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे, आणि ते नावाचं कडवं झाल्याशिवाय कोरसने तोंड बंद करायचं नाही. मग लाइट जावो, नाहीतर माईक बंद पडो. दुसऱ्याचं गाणं असलं तरी हाच नियम. नाव न घेता गाणं सोडणं म्हणजे जेवायला बोलावून माणसाला पंगतीतून उठवणं, असं तो म्हणायचा.

त्याचं मालगाडीचं गाणं आमच्याकडे दर चौदा एप्रिलला जयंतीत व्हायचंच.

मालगाडी गेली कोळसा घेऊन, उजेड गेला कोणाच्या घरी?
आमच्या दारी काजळी राहिली, सांग रे गाडी, कोणाच्या घरी?

हे ऐकून निरंजन आला. चांगल्या घरचा, गोरागोमटा, पाठीला गिटार. काका काका करत ओट्यावर बसायचा, सरिताच्या हातची मुनग्याच्या शेंगांची भाजी चाटूनपुसून खायचा आणि मोबाइलवर गाणी भरून घ्यायचा. लहानू तर हरखून गेला होता. त्याला कोणी पहिल्यांदाच इतकं मन लावून ऐकत होतं.

मग एक दिवस पंडरीत चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी मोबाइलमधून तेच गाणं वाजलं. गिटारीवर, निरंजनच्या आवाजात. खाली लिहिलेलं, शब्द आणि संगीत निरंजन. शेवटचं कडवं गायब. लहानू सरळ त्याच्या घरी गेला. सोबत मी आणि सरिता होतो, म्हणून सांगते. निरंजनने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि हसून म्हणाला, "काका, हे लोकगीत आहे. लोकगीताला कोणी मालक नसतो."

गाणं बांधणारा माणूस समोर खुर्चीत बसलेला, पाणी पितोय, आणि हा त्याच्या तोंडावर सांगतोय की तू नाहीसच! लहानूने घरी येऊन पेटीला जुनी चादर गुंडाळली. ती पुन्हा उघडली नाही. छातीच्या दुखण्याने तो गेला तेव्हाही पेटी तशीच होती. डॉक्टरांनी फुप्फुसं सांगितली. सरिता म्हणाली, फुप्फुसं नाही, निरंजन.

यंदा तेलीबांध्याच्या तलावाकाठी ब्लूज संगीताचा महोत्सव ठरला. ब्लूज म्हणजे काय, ते मला निरंजननेच शिकवलं, कारण हा बाबा थेट सरिताच्या दारात आला. काळ्या मजुरांची गाणी, काकू, एक दुःख दोनदा सांगायचं आणि तिसऱ्यांदा त्याला उत्तर द्यायचं. त्याला स्टेजवर मालगाडीच्या गाण्यासाठी आम्हा बायकांचा कोरस हवा होता. "तुमच्या आवाजात माती आहे," म्हणाला. चोराने त्याच घरी येऊन शिडी मागावी, तसला प्रकार!

सरिताने दोरा तोडला आणि म्हणाली, "हव. येतो आम्ही."

तो गेल्यावर मी तिच्यावर तुटूनच पडले. "काहून हो म्हटलं तू? लाज वाटून राहिली मले!"

"तो कोरस मागून राहिला ना?" ती म्हणाली. "मंग कोरस देऊ त्याले. लहानूनं शिकवला तसा. नावाच्या कडव्यासकट."

मग मला जे हसू आलं, ते तालमीच्या दिवसापर्यंत आवरता आवरेना. तालमीत आम्ही गरीब गाईसारख्या वागलो. शेवटच्या ध्रुवपदानंतर तुम्ही थांबा, तिथे माझी गिटार एकटी आहे, असं त्याने सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. मातीचा आवाज दबू नये म्हणून त्याने साउंडवाल्याला आमचे माईक चढवून ठेवायला सांगितलं. ते ऐकून मला त्याची जवळजवळ कीव आली. जवळजवळच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तलावावर दिवे लागले होते. पुढे खुर्च्यांवर मोठी माणसं बसली होती. तिकीट नव्हतं, म्हणून मागे गवतावर आमची रेल्वे कॉलनी झाडून आली होती. आधी एका बाईने गायलं, भाषा काही कळली नाही, पण तिचंही कोणीतरी काहीतरी लुबाडलं होतं, एवढं नक्की कळलं. मग निरंजन आला, काळा सदरा घालून. मालगाडीचं गाणं बांधताना आपल्याला रात्र रात्र झोप लागत नसे, असं त्याने लोकांना सांगितलं. रुळावर रात्रपाळी लहानूने केली आणि झोप याची उडाली!

गाणं रंगलं, खोटं कशाला बोलू? शेवटचं ध्रुवपद झालं. निरंजनने डोळे मिटून गिटारीच्या तारेवर बोट ठेवलं, आणि सरिताने तोंड उघडलं.

लहानू म्हणे, शिट्टी घाल, आवाज जाऊ दे दूरवरी,
ज्यानं वाहिला त्याचाबी दिवा लागू दे रे त्याच्या घरी!

आम्ही सगळ्या जणींनी ओळ उचलली. निरंजनचे डोळे खाडकन उघडले. त्याने हात हलवला, मान हलवली. आम्ही कशाला बघतोय! ड्रमवाला बिचारा वाजवतच राहिला. आणि मागे गवतावर आमची माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी "लहानू म्हणे" परत फेकलं. अख्खा तलाव लहानूचं नाव घेत होता आणि निरंजनला त्याखाली गिटार वाजवावी लागत होती.

पण माणूस हुशार. टाळ्या थांबायच्या आत त्याने माईक घेतला. "हे सरप्राइज होतं दोस्तों! लहानूकाका, माझे गुरू!" आणि सगळ्यांसमोर सरिताच्या पायाशी वाकला. लोक गहिवरले, मोबाइल वर झाले. हा हेही गिळणार!

सरिताने पाय मागे घेतले. त्याचा हात नुसत्या फळीवर पडला.

"पाया कायले पडतो?" ती माईकवर म्हणाली. "पाया तर घरी बी पडता आलं असतं. माह्या माणसाले तू त्याच्या जित्तेपणी सांगतलं, तू हायेसच नाही म्हणून. गाणं कोणाचं हाय, ते बोल आता." आणि तिने माईक त्याच्या तोंडापुढे धरला.

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. सरिताने माईक आणखी जवळ नेला.

"काकांचं," तो पुटपुटला.

"नाव."

"लहानू ढोके यांचं."

"आन् तू काय केलं?"

त्याने मान खाली घातली. "मी चोरलं."

सरिताने माईक त्याच्या हातात दिला. "वाजव आता तुही गिटार. एकट्यानं." आम्ही सगळ्या तिच्या मागे स्टेजवरून उतरलो. गिटार काही वाजली नाही.

परत येताना ऑटोत मी तिला विचारलं, "झालं का वं समाधान?"

तिने मोबाइल काढून ते गाणं लावलं. खाली अजून निरंजनचंच नाव होतं.

"कायचं समाधान? हे नाव बदलवाचं बाकीच हाय," ती म्हणाली. "भूक तर आता लागून राहिली."