तिफण मधल्या दालनात

जुनी निजामकाळची कचेरी दुरुस्त झाली, अन् तिथं जिल्ह्याचं प्रदर्शन मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आदिलाबादच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशातच होता, तेलंगण वेगळं झालं नव्हतं. प्रदर्शनावर नेमलेल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: मधल्या दालनात तलवारी अन् नवाबी तसबिरी, शेतीची अवजारं मागच्या पडवीत.

माझं डोकंच फिरलं. पडवीत काऊन? जैनथकडच्या एका शेतकऱ्याकडून मी जुनी तिफण मागून आणली होती. माझ्या मायनं उभी जवानी लोकांच्या वावरात तिफणीमागं चालून पेरणी केली, त्या मजुरीवर मी शिकले. तिफण मधल्या दालनातच राहील, असा मी हट्ट धरला.

अन् झालं भलतंच! दुरुस्ती करणारा इंजिनिअर बजावून गेला, "नए चूने की दीवार है, एक भी कील नहीं ठोकना." आता तसबिरी टांगता कुठं? त्या गेल्या बाजूच्या जुन्या भिंतींच्या खोलीत, तलवारीही तिथल्याच टेबलावर. मधलं दालन रिकामं! मी दोन गडी लावून तिफण तिथं उभी केली. साहेब चिडले. म्हणाले, "उद्घाटनाला कलेक्टर येतील. ते म्हणतील तसं."

उद्घाटनाला मी मायला घेऊन गेले. या कचेरीच्या आत ती कधीच आली नव्हती. तिफण पाहून आधी हेच बोलली, "अवं, हिले वार्निश काऊन लावलं? नवरी हाय का?"

तेवढ्यात कलेक्टर आले. तिफणीपाशी थांबून मला विचारलं, "ये चलता कैसे है?" मी मायकडं पाहिलं. तिफणीची चित्रं ढीगभर काढली होती, पेरलं कधीच नव्हतं. साहेब गालात हसले. गेली आपली तिफण पडवीत, असं वाटलं.

माय पुढं झाली. बाजूला नमुना म्हणून ठेवलेल्या परडीतली ज्वारी तिनं मुठीत घेतली, तिफणीवरच्या लाकडी वाटीवर, म्हणजे चाड्यावर, मूठ धरली अन् बोटं हलवली. चाड्याच्या तीन भोकांतून, बांबूच्या तीन नळ्यांतून दाणे सरसर उतरले. फरशीवर तीन ढिगुल्या झाल्या, तिन्ही सारख्या.

कलेक्टरांनी करून पाहिलं. सारी ज्वारी एकाच नळीत! ते खदखदून हसले अन् साहेबांकडं वळून तेलुगूत म्हणाले, "इक्कडे उंडनी." इथंच राहू द्या.

मग साहेबांनाही राहवलं नाही. त्यांनी मूठ भरली. निम्मी ज्वारी बुटांवर सांडली. मायनं सरळ त्यांचं मनगट धरलं.

"मूठ ढिली सोड ना रे बाबा, किती आवळून धरतं!"

साहेबांनी मूठ ढिली सोडली. म्हणाले, "अब ठीक है, अम्मा?"